ऐरोलीच्या खाडीवर एक दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरचे कोणी विद्वान पाहुणे बोलवावेत अशी आपली प्रथा आहे. यंदा पाहुण्यांना ऐनवेळी येणे जमले नाही आणि कार्यकारिणीची नजर माझ्यावर गेली. "सहलीला आम्हांला तुम्ही नेलेत, तेव्हा तिच्याविषयी बोलायचेही तुम्हीच," असे चिटणीसबाईंनी मला बजावले. मी २६ वर्षे शाळेत भूगोल शिकविला आहे, त्यामुळे उभे राहून बोलण्याची मला भीती वाटत नाही. पण आज जे सांगायचे आहे त्यात माझी एक चूकही सांगायची आहे. ती सांगताना पाय मागे घेतला जाऊ नये म्हणून चार पाने लिहून आणली आहेत.

सहलीचा विषय निघाला तेव्हा प्रथम टिटवाळा, वज्रेश्वरी, शिर्डी ही नेहमीची नावे पुढे आली. मी म्हटले, "यंदा ऐरोलीला खाडीवर जाऊ. तिथे रोहित पक्षी पाहायला मिळतात आणि खारफुटीच्या रानातून चालायला खांबांवर बांधलेली वाट आहे." त्यावर जो हशा पिकला तो आपणांपैकी पुष्कळजणींना आठवत असेल. एक वहिनी म्हणाल्या, "अहो बाई, खाडी तर आमच्या मागच्या खिडकीतून दिसते. उन्हाळ्यात वासही येतो. तिच्यासाठी मोटार करून ऐरोलीला कशाला जायचे?" मीही त्या हसण्यात सामील झाले. परंतु सहलीहून परत आल्यापासून वहिनींचा तो प्रश्न मला काही सोडीत नाही. आजचे भाषण म्हणजे त्यांना उशिरा दिलेले उत्तर समजा.

जाण्याचा दिवस ठरविताना मी पंचांग पाहिले. तुम्हांला वाटले असेल की बाई मुहूर्त काढताहेत! मुहूर्त नव्हे, भरती-ओहोटी. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा एक हिशेब आहे : तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरती किती वाजता येणार ते निघते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटेही. त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. घड्याळाच्या काट्यावर हे तंतोतंत उतरत नाही, खाडीच्या आतल्या टोकाला पाणी थोडे उशिरा पोहोचते, पण घरच्या हिशेबाला पुरते. आपण उपवासासाठी तिथ्या इतक्या पाठ ठेवतो. त्याच तिथ्यांवर खाडीचे सगळे घरकाम चालते, हे मला स्वतःला फार उशिरा कळले.

आपण गेलो ती पौष वद्य षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे सकाळी साडेदहा-अकराला पाणी अगदी उतरलेले, आणि जेवण आटोपून होडीत बसेपर्यंत भरती अर्धी चढलेली. चिखलातले प्राणी पाहायला ओहोटी लागते आणि होडी चालायला पाणी लागते. दोन्ही एका दिवसात साधायचे तर असाच दिवस हवा होता.

काशिमिऱ्यावरून घोडबंदरच्या रस्त्याने ठाणे, तिथून कळव्यावरून ऐरोली. गाडीत भेंड्या झाल्या, थालीपीठ-लोणचे झाले, त्याबद्दल मी काही सांगत नाही. एक गोष्ट मात्र वाटेत सांगायची राहून गेली ती आता सांगते. आपली भाईंदरची खाडी, जिला वसईची खाडी म्हणतात, आणि ती ठाण्याची खाडी या दोन वेगळ्या नव्हेत. उल्हास नदी ठाण्याच्या अंगाला येऊन आपल्याकडे वळते आणि तिथेच एका चिंचोळ्या फाट्याने ती ठाण्याच्या खाडीला जोडलेली आहे. म्हणून तर आपले साष्टी हे बेट झाले. आपण बेटाच्या उत्तर टोकावरून निघून पूर्वेच्या कडेला गेलो, आणि पाणी पाहिले ते एकाच घरातले.

ऐरोलीच्या त्या ठिकाणाचे नाव 'किनारी व सागरी जैवविविधता केंद्र'. २०१७ साली ते सुरू झाले आणि वन खात्याच्या कांदळवन कक्षाकडून ते चालविले जाते. केवळ खारफुटीसाठी असा स्वतंत्र कक्ष आपल्या राज्याने २०१२ साली काढला. केंद्रात माशांची, शिंपल्यांची माहिती देणारी दालने आहेत, ती आपण भराभर पाहिली. नंतर पाठीमागच्या दाराने त्या वाटेवर आलो.

ह्या वाटेला तिकडे 'बोर्डवॉक' म्हणतात. चिखलात खांब रोवून त्यांवर पुरुषभर रुंदीची वाट बांधलेली, दोन्ही बाजूंना कठडा. पाणी खालून येते आणि जाते, मुळांवर कोणाचा पाय पडत नाही. आपल्यातल्या सगळ्यांत वयस्कर आजी, ज्यांच्या गुडघ्यांमुळे त्यांना गेल्या दोन सहलींना येता आले नव्हते, त्या काठी टेकीत शेवटपर्यंत चालत आल्या. नऊवारी नेसलेल्या बाईला खाजणाच्या मधोमध उभे राहता यावे आणि पदराला चिखलाचा थेंबही लागू नये, ही सोय मला मोठी वाटली. आजवर खाजणात शिरत होते ते कोळी, आगरी आणि लाकूडफाट्याला जाणारी माणसे. आपल्यासारख्यांनी ते गाडीच्या खिडकीतूनच पाहिलेले, आणि तेही नाकाला रुमाल लावून.

पहिली पाच-दहा मिनिटे कोणाला काहीच दिसले नाही. "इथे तर नुसता चिखल आहे हो," असे दोघी-तिघी म्हणाल्या. आपण सगळ्या बोलतही होतो. आपल्याबरोबर जी माहिती देणारी मुलगी होती, कॉलेज नुकतेच संपविलेली असावी, ती नम्रपणे म्हणाली, "काकू, दोन मिनिटे कोणीच काही बोलायचे नाही आणि हलायचे नाही." महिला मंडळाला असे सांगणे म्हणजे धाडसच! पण आपण गप्प राहिलो. आणि मग चिखल हलू लागला.

आधी खेकडे निघाले. बोटाच्या पेराएवढे, शेकड्यांनी, जो तो आपल्या बिळाच्या तोंडाशी. नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी आणि रंगीत, दुसरी इवलीशी. मोठी नांगी तो सारखी वर-खाली करून मादीला बोलावतो आणि लहान नांगीने चिखल तोंडात घालतो. मादीच्या दोन्ही नांग्या लहान, म्हणून ती दोन्ही हातांनी जेवते. "एक हात मिरवायला आणि एकच कामाला," असे मागून कोणीतरी म्हटले ते मी ऐकले. कोणी म्हटले ते इथे सांगत नाही, कारण त्यांचे यजमान सभेला आलेले आहेत.

मग त्या निवट्या. मासाच, पण पाण्याबाहेर चिखलावर बसलेला, डोक्यावर बेडकासारखे डोळे. पुढच्या परांवर रेलून तो सरकतो आणि मधेच टणकन उडी मारतो. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवून आणि ओल्या कातडीतून श्वास घेऊन तो बाहेर राहतो, म्हणून त्याचे अंग सुकून चालत नाही. ती मुलगी हे समजावून सांगत असता आपल्या आजी एकदम म्हणाल्या, "अगं, ह्या तर निवट्या! आमच्या गावी पोरं हाताने धरून आणायची. आम्ही ह्यांचं कालवण करीत असू." मुलगी क्षणभर गोंधळली, मग वहीच काढून तिने आजींना विचारायला सुरुवात केली : कोणत्या महिन्यात धरीत, बिळात हात घालून की जाळ्याने, कोकम घालीत की चिंच. पंधरा मिनिटे आजी बोलत होत्या. गेली कित्येक वर्षे मी त्यांना मंडळात पाहते आहे, हळदीकुंकवाला त्या कोपऱ्यात बसून असतात. त्यांना इतके बोलताना मी कधी ऐकले नव्हते.

झाडांविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपण सरसकट 'खारफुटी' म्हणतो, पण त्यात पुष्कळ जाती आहेत आणि प्रत्येकीने मिठाशी आपापल्या परीने जुळवून घेतले आहे. आपल्याकडे सगळ्यांत जास्त दिसते ते तिवर. त्याच्या बुडाभोवती चिखलातून शेकडो काड्या वर आलेल्या असतात, उदबत्त्या रोवून ठेवाव्यात तशा. ती त्याची मुळे. चिखलात हवा नसते, म्हणून मुळे श्वास घ्यायला वर येतात. तिवराच्या पानाच्या उलट्या बाजूवरून बोट फिरवून जिभेला लावा म्हणून मुलीने सांगितले. खारट! झाड नको असलेले मीठ पानावाटे बाहेर टाकते. कांदळ आपल्या फांद्यांपासून कमानीसारखी मुळे खाली सोडतो. पांढरी चिप्पी नावाच्या जातीला रात्री पांढरी, कुंच्यासारखी फुले येतात. २०२० साली महाराष्ट्राने तिला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला, आणि असा मान देणारे आपले राज्य देशात पहिले.

कांदळाची एक गोष्ट तर मला घरी आल्यावरही आठवत राहिली. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते. फळातून हातभर लांब हिरवी शेंगेसारखी काडी लोंबत राहते, महिनोन् महिने, आईच्या अंगावरच वाढते. पुरते बळ आले म्हणजे सुटून खाली पडते आणि ओहोटी असली तर तिथेच चिखलात रुतून उभी राहते. भरती असली तर पाण्याबरोबर जाते आणि जिथे जागा मिळेल तिथे मूळ धरते. कोवळे बी सरळ खाऱ्या पाण्यात टाकले तर ते जगायचे नाही हे ह्या झाडाला कोणी शिकविले असेल? आपल्यापैकी दोन-तीनजणी हे ऐकून मुलींच्या लग्नाविषयी बोलू लागल्या. मी त्यांना थांबविले नाही.

आता माझी चूक. मी वर्गात भूगोल शिकवीत असताना फळ्यावर जमिनीचे प्रकार लिहीत असे : सुपीक, मध्यम, आणि शेवटी 'दलदल व खाजण, निरुपयोगी पडीक जमीन'. भर घालून अशी जमीन उपयोगात आणली म्हणजे ती प्रगती, असे मी मुलांना सांगितले आहे, आणि उत्तरपत्रिकेत तसे लिहिणाऱ्याला पुरे गुणही दिले आहेत. हिशेब केला तर हजारांच्या वर मुलांना मी हे शिकविले असेन. त्यांतले काही आज कंत्राटदार आहेत, काही कचेऱ्यांत आहेत. त्या वाटेवर कठड्याला धरून उभी असताना मला ते फळ्यावरचे अक्षर दिसत होते.

'निरुपयोगी' म्हणजे काय, ते पाहा. कोळंबी, बोईट, जिताडा, चिंबोऱ्या यांची पिल्ले ह्याच मुळांच्या आडोशाला वाढतात, कारण मोठे मासे आत शिरू शकत नाहीत. उत्तन, पाली, चौक येथल्या आपल्या कोळीवाड्यांच्या होड्या बाहेर समुद्रात जाळी टाकतात, पण त्या जाळ्यात येणाऱ्या पुष्कळ माशांचे बाळपण खाजणात गेलेले असते. भरतीचे पाणी आणि पावसाचे पाणी एकदम आले म्हणजे ते पसरायला जागा हीच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी आपल्यातल्या कितीजणींचे यजमान, मुले रात्रभर घरी आली नव्हती! पाणी तुंबण्याची कारणे अनेक होती, पण पाण्याच्या जागा आपण भरून टाकल्या हे त्यांतले एक होतेच.

दुपारी आपण होडीत बसलो. रोहितांविषयी तुम्ही सगळ्या घरोघर सांगितलेच आहे, मी थोडक्यात आटोपते. आधी लांबवर गुलाबी रेघ दिसली, मग तिला पाय फुटले, मग माना. पाणी जसजसे चढत होते तसतसे ते सगळे एका सुरात पावले टाकीत उथळ बाजूला सरकत होते. इथे दोन जाती येतात. मोठा रोहित उंच आणि फिका, चोच गुलाबी व टोकाला काळी. लहान रोहित ठेंगणा, जास्त गुलाबी, चोच काळपट लाल. चोच उलटी करून पाण्यात घालायची आणि गाळणीसारखे पाणी गाळून त्यातले बारीक शेवाळ व किडे खायचे, अशी ह्यांची जेवणाची तऱ्हा. तो गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. पिल्ले जन्मतः करडी असतात. आणि पिल्लाला घशातून पाझरणारे लालसर दूध आई आणि बाप दोघेही पाजतात. हे ऐकल्यावर होडीत जी कुजबुज झाली तीही मी इथे सांगत नाही.

त्यांची वीण कच्छच्या रणात होते आणि थंडीच्या सुमाराला ते आपल्याकडे येऊन पावसाळ्यापूर्वी परततात. ठाण्याच्या खाडीत ते मोठ्या संख्येने येऊ लागले त्याला तीसेक वर्षेच झाली. काही वर्षी तर लाखाच्या वर मोजले गेले आहेत. ऑगस्ट २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग त्यांच्यासाठी अभयारण्य म्हणून राखला गेला, आणि २०२२ साली त्याला 'रामसर' यादीत स्थान मिळाले. रामसर हे इराणमधले गाव. तिथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागा राखण्याविषयी देशोदेशींचा करार झाला, म्हणून ते नाव. आपल्या राज्यात ह्या यादीत नांदूर मधमेश्वर आधी, मग लोणार, आणि तिसरी ही खाडी.

एवढे पक्षी इथे का येतात? आपल्या मोऱ्यांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी खाडीत जाऊन शेवाळ माजले, आणि शेवाळ खायला रोहित आले, असे काही अभ्यासक मानतात. मला हे ऐकून विचित्र वाटले. पाहुणे आले याचा आनंद मानावा, की ताटात काय वाढले आहे याची लाज वाटून घ्यावी? मुलगी म्हणाली, "काकू, आम्हांलाही कधीकधी तसेच वाटते."

तिने आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ओहोटीला हे पक्षी चिखलावर चरतात, ते आपण पाहिले. पण भरतीला चिखल बुडतो. मग ते कुठे जातात? ते उडून आसपासच्या तळ्यांवर, पाणथळींवर, मिठागरांवर जाऊन उभे राहतात आणि पाणी उतरण्याची वाट पाहतात. म्हणजे खाडी राखली आणि मिठागर भरून टाकले, तर स्वयंपाकघर राहिले आणि बसायची खोली गेली, असे होणार. नकाशावर अभयारण्याची रेघ खाडीभोवती आहे. पक्षी रेघ पाहत नाहीत.

मिठागर म्हटल्यावर भाईंदरच्या माणसाला वेगळे काय सांगायचे! आपल्या गावाची ओळखच मिठागरे. आगरात काम करणारे ते आगरी, ही आपल्या भूमिपुत्रांची नावेदेखील त्यातूनच आलेली. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा लोकलमधून दोन्ही बाजूंना पांढरे ढीग दिसत. त्या आगरांच्या उथळ पाण्यात उंच लाल पायांचे शेकाटे आणि तुतवार फिरत असतात, आजही. पण माझे लक्ष तिकडे गेले ते ऐरोलीहून आल्यावर. वहिनी, तुमच्या प्रश्नाला माझे हे अर्धे उत्तर. मागच्या खिडकीतून दिसणारी खाडी पाहायला मला ऐरोलीला जावे लागले, कारण इथे ती पाहायची असते असे मला कोणी सांगितले नव्हते.

उरलेले अर्धे उत्तर आपल्या दारावर मासे घेऊन येणाऱ्या मावशींनी दिले. सहलीच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना मोठ्या उत्साहाने सगळे सांगितले. त्या टोपली खाली ठेवून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बाय, तुमी चिकल बगाला पैशे भरून गेलाव?" आणि हसल्या. नंतर त्यांनी सांगितले की त्या लहान असताना त्यांची आई ओहोटीला मागच्या खाडीत उतरून संध्याकाळच्या कालवणापुरत्या चिंबोऱ्या घेऊन वर येई. "आता पाय टाकाल तिथं विटा नि काचा," त्या म्हणाल्या. घर मोडले, फरशी बदलली, की तो राडारोडा रात्री गाडीतून कोठे जातो हे आपण कोणी विचारतो का? मी गेल्या वर्षी स्वयंपाकघराची फरशी बदलली. कंत्राटदाराने पोती भरून नेली. कोठे नेली ते मी विचारले नाही. आता विचारले तर तो फोन उचलत नाही.

आणि आपले मंडळ? गणपतीचे निर्माल्य आपण वर्षानुवर्षे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून, नमस्कार करून खाडीत सोडीत आलो. श्रद्धेने करीत होतो, पण पिशवीला श्रद्धा कळत नाही. ती तिवराच्या त्या उदबत्तीसारख्या मुळांवर जाऊन बसते आणि त्यांचा श्वास कोंडते. त्या वाटेवरून खाली पाहताना अशा पिशव्या मला दिसल्या आणि एकीवर तर हार तसाच होता. ती आपली नव्हे हे मला ठाऊक आहे. तरीही मी ती कोणाला दाखविली नाही.

थंडीत जेसल पार्कच्या खाडीवर आपण नातवंडांना घेऊन जातो आणि पांढऱ्या पक्ष्यांना शेव-गाठी टाकतो, तेही सांगायचे आहे. त्यांना कुरव म्हणतात. त्यांतले काही लडाख-तिबेटच्या सरोवरांकडून येतात. हजारो मैल मासे-किडे खात आलेल्या पक्ष्याला तळलेले, खारट बेसन पचत नाही आणि वर आयते खायची सवय लागते. माझा नातू मला म्हणाला, "आजी, मग तू मला चिवडा का देतेस?" त्याला मी अजून उत्तर दिलेले नाही.

कायद्याविषयी दोन शब्द, कारण कोणी विचारले तर आपल्याला सांगता यावे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटी तोडण्यावर व तिच्यावर भराव टाकण्यावर बंदी घातली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती कायम केली. खारफुटी नष्ट करणे म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, असे त्या निकालात म्हटले आहे. खारफुटीभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकाम व राडारोडा चालत नाही. म्हणजे रात्रीची ती गाडी दिसली तर तिचा नंबर टिपून महापालिकेला आणि कांदळवन कक्षाला कळविणे हे चोंबडेपणाचे काम नव्हे.

एका बाबतीत मात्र माझे मन अजून ठरलेले नाही आणि तसे म्हणायला मला संकोच वाटत नाही. वर्सोव्याहून भाईंदरपर्यंत किनारी रस्ता आखलेला आहे आणि त्याच्या वाटेत खारफुटीची हजारो झाडे येतात. लोकोपयोगी कामासाठीसुद्धा त्यांना हात लावायचा तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते ती ह्याच निकालामुळे. माझी सून रोज विरारच्या गाडीत उभी राहून अंधेरीला जाते. ती घरी येते तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे पाहवत नाही. "रस्ता नको" असे मी तिच्या तोंडावर म्हणू शकत नाही. आणि "झाडे गेली तर जाऊ देत" असे त्या निवट्यांसमोरही म्हणवत नाही. तोडलेल्याच्या बदली दुसरीकडे रोपे लावू, असे नेहमीच सांगितले जाते. पण भरतीचे पाणी जिथे येत नाही तिथे तिवर लावून तो जगत नाही, एवढे मी त्या वाटेवर शिकले. सून म्हणते, "आई, दोन्ही हवे असे म्हणायला काय हरकत आहे?" हरकत नाही. पण मग रस्त्याची आखणी कोठून जाते, खांबांवरून की भरावावरून, हे आपण बायकांनीही विचारले पाहिजे. त्या वाटेचे खांब मी पाहिले आहेत. पाणी खालून आले-गेले तर पुष्कळ काही टिकते.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून लोकांना कांदळवन दाखवितात. आपल्यासारख्याच संसारी स्त्रिया. त्यांच्याकडे जाण्याचा बेत पुढच्या वर्षी करावा अशी माझी सूचना आहे. चिटणीसबाई, लिहून घ्या. आजींना त्या होडीत पहिली जागा.

तोपर्यंत मोटार नको आणि तिकीटही नको. येत्या फाल्गुन वद्य चतुर्थीला, म्हणजे संकष्टीला, सकाळी साडेआठ वाजता जेसल पार्कच्या खाडीवर जमायचे आहे. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी, चिखल पुरता उघडा असेल. आपल्याकडे खांबांवरची वाट नाही, म्हणून काठावरूनच पाहायचे; खाली कोणी उतरायचे नाही. मासेवाल्या मावशींनी यायचे कबूल केले आहे, कोणते बीळ कोणाचे ते त्या दाखवतील. उपवास असल्यामुळे खाण्याची व्यवस्था केलेली नाही आणि कुरवांसाठीही कोणी काही आणू नये. दुर्बीण मंडळाकडे एकच आहे, ती आळीपाळीने घ्यावी लागेल. पहिली दोन मिनिटे कोणी बोलायचे नाही, एवढी अट आहे.